टबाची तुंबलेली मोरी, काटेरी पट्टी आणि पाच मीटरची स्प्रिंग

आधी वस्तू सांगते. एक, प्लॅस्टिकची वीस इंच लांब पट्टी, बोटाच्या निम्म्या रुंदीची, दोन्ही कडांना उलटे काटे. दोन पट्ट्या ७० रुपयांना. दुसरी, पाच मीटर लांब तारेची स्प्रिंग, टोकाला जरा सैल सोडलेली आणि मागं फिरवायला दांडा, ३२० रुपये. दोन्ही बेळगावात खडेबाजारातून गणपत गल्लीकडे जाताना एका जुन्या हार्डवेअरच्या दुकानात मिळाल्या. दुकानदारांना विचारलं, तर नाव घालू नका म्हणाले, म्हणून घालत नाही.

आम्ही टिळकवाडीत राहतो. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरात फायबरचा टब आहे. थोरले भावोजी मस्कतहून परत आले तेव्हा त्यांनी हौसेनं बसवून घेतला. शहरात काही वॉर्डांत २००८ पासून चोवीस तास पाणी आलं, आमच्या गल्लीत नाही. त्यामुळं त्या टबात आंघोळीपेक्षा पाणी साठवणंच जास्त झालं. पावसाळ्यात राकसकोप धरणाचं पाणी जरा गढूळ आलं की तळाला तांबडा गाळ बसतो, तो सगळा मोरीतूनच जातो. उन्हाळ्यात बोअरचं पाणी चढवतो. त्या पाण्याला साबणाचा फेस धरत नाही, उलट बादलीच्या कडेला पांढरट चिकट थर बसतो. तोच थर पाइपातही बसतो, फक्त आपल्याला दिसत नाही.

यंदा दिवाळीला निपाणीहून जाऊबाई, कोल्हापूरहून नणंद आणि त्यांची मुलं, असे आम्ही अकराजण घरात. नरकचतुर्दशीला पहाटे चारपासून अभ्यंगस्नान सुरू झालं. तेल, उटणं, मुलींच्या कमरेपर्यंतच्या केसांना शिकेकाई. सासूबाई उटणं घरीच कुटतात आणि ते जाडसर असतं, त्याशिवाय त्यांना चालत नाही. सातवी आंघोळ होईतो टबात घोट्याच्या वर पाणी उभं राहिलं. राहिलेल्या चौघांनी खालच्या मजल्यावरच्या मोरीत आंघोळ उरकली.

त्या दिवशी दुपारी मी रबरी वाटीचा पंप मारला. वीस-पंचवीस वेळा दाबलं, खांदा भरून आला, पाणी जागचं हललं नाही. रात्री दुकानातून मोरी साफ करायची पावडर आणून दोन पुड्या ओतल्या. सकाळी पाणी तेवढंच, वर एक साबणासारखा वास. मग नेहमीच्या मिस्त्रीला बोलावलं. त्यानं वाकून बघितलं आणि सांगितलं, टबाच्या बाजूची फरशी फोडावी लागणार, आत हात घालायला जागाच ठेवलेली नाही. मजुरी साडेचार हजार, फरशी वेगळी. पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या डिझाइनची फरशी आता कुठं मिळणार? आमचे हे म्हणाले, फोडून टाकू, टबच काढू. मला ते पटेना. जोडीची फरशी नसली की न्हाणीघर कायम ठिगळ लावल्यासारखं दिसतं. मी ब्लाऊज शिवते, ठिगळ मला बघवत नाही.

म्हणून भाऊबीज झाल्यावर खडेबाजारात गेले. दुकान दहा बाय बाराचं असेल, वर छतापर्यंत कोपरे, टी, वायसर, नळांच्या माना. काउंटरवर साठीचे गृहस्थ. शेजारी एकजण "एष्टु री?" म्हणून बोल्टांचा दर विचारत होता, त्याला कानडीत उत्तर देत देत त्यांनी माझ्याशी मराठीत बोलणं सुरू केलं.

"वैनी, आत काय घातलीसा काय आधी?"

"पावडर. दोन पुड्या."

"कवा?"

"चार दिवस झाले."

"आणि पाणी हाय अजून टबात?"

"आहे."

हातातले बोल्ट त्यांनी खाली ठेवले. "मग आधी ते पाणी काढा. हातमोजे घालून. डोळ्यावर चष्मा असला तर घाला. ते निस्तं पाणी न्हाई, कातडी सोलतंय ते. आणि त्यावर ॲसिड ओतू नका हां, उसळून तोंडावर येतंय."

हे कोणी सांगितलंच नव्हतं. पुडीवर बारीक इंग्रजी-हिंदीत असेलही छापलेलं, पण आमच्या घरात सासूबाई मराठी तेवढं वाचतात, आणि पुड्या ओतताना चष्मा माझ्या डोळ्यांवर नव्हता. मी घरी आल्यावर नीट वाचलं. आत कॉस्टिक सोडा असतो. पाणी लागलं की तो तापतो, तेलकट थराचा साबण करतो, केसही हळूहळू विरघळवतो. पण टबात आधीच वीतभर पाणी उभं असलं तर तो सगळ्या पाण्यात पसरून पातळ होतो आणि गाठीपर्यंत पोचेतो त्याचा दमच गेलेला असतो. पोचलाच आणि पाणी कमी पडलं, तर कधीकधी वळणात दगडासारखा घट्ट बसतो. म्हणजे तुंबलेल्या मोरीवर नव्हे, जरा हळू वाहणाऱ्या मोरीवर ती पावडर चालते. ब्लीचिंग आणि ॲसिड तर एकत्र कधीच नको, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. फरशी पुसायचं ॲसिड आणि कपड्यांचं ब्लीच एकाच फळीवर ठेवणाऱ्या सगळ्यांनी हे लक्षात ठेवावं. आमच्याकडं तसंच होतं, आता एक वर, एक खाली ठेवलंय.

दुकानदारांनी दुसरी गोष्ट विचारली ती आणखी मोलाची. "टबाला वर कडंला एक भोक असतंय बघा, जादा पाणी जायाला. पंप मारताना ते बुजवलासा काय?" मी बुजवलं नव्हतं. ते वरचं भोक आणि टबाच्या तळाची मोरी आतून एकाच पाइपाला जोडलेली असतात. वर तोंड उघडं असलं की पंपाचा दाब गाठीपर्यंत जातच नाही, वरून निघून जातो. माझे ते पंचवीस दणके वरच्या भोकातून हवेत गेले होते.

आणि तिसरं: "घरातल्या दुसऱ्या मोऱ्या नीट हायत काय?" खालच्या मजल्यावरची मोरी आणि बेसिन व्यवस्थित होते. मग गाठ टबाच्या पाइपातच आहे, म्हणाले. सगळ्याच मोऱ्या संथ झाल्या असत्या, किंवा एकीतलं पाणी दुसरीतून वर आलं असतं, तर अडचण बाहेरच्या चेंबरला, आणि मग या पट्टीनं काही होत नाही, माणूसच बोलवावा लागतो. हे विचारल्याशिवाय त्यांनी पट्टी विकायला काढली नाही. कपाटातली मोठी, गरगर फिरवायची ड्रमवाली मशीन पंधराशेची होती, ती त्यांनी दाखवली पण घ्या म्हणाले नाहीत.

घरी येऊन रबरी हातमोजे घातले, चष्मा लावला, खिडकी उघडली. तांब्यानं पाणी उपसून चार बादल्या निघाल्या, त्या कमोडमध्ये भरपूर पाण्याबरोबर सोडल्या. टब दोनदा चांगल्या पाण्यानं धुतला, तेही उपसलं. मग मोरीवरची जाळी. मधे एकच स्क्रू, पण गंजून बसलेला. त्यावर खोबरेल तेलाचे चार थेंब सोडून अर्धा तास चहा-कपबशांत घालवला आणि शिलाई मशीनच्या पेचकसानं फिरवला. दुसऱ्या वेढ्याला सुटला.

आता पट्टी. सरळ आत सोडली. बारा बोटांवर गेली आणि थांबली. ढकलली असती तर वाकली असती, म्हणून चिमटीत धरून पीळ दिल्यासारखी फिरवली. एकदम जड झाली. ओढताना आतून सुई जाड कापडातून निघताना लागतो तसा ओढ हाताला लागला. पहिल्या वेळी फक्त केसांची एक बट आली, काळपट, गिळगिळीत. दुसऱ्या वेळी मी पट्टी थोडी खाली नेऊन अर्धा वेढा जास्त दिला आणि सावकाश ओढली. काहीतरी सुटल्याचा आवाज आला आणि करड्या रंगाची दोरी वर येऊ लागली, येतच राहिली. वर्तमानपत्रावर ठेवून टेपनं मोजली: अकरा इंच.

ती मी तिथंच बसून नीट उकलली. वास असह्य होता, तरी उकलली, कारण काय अडकलं होतं ते कळल्याशिवाय पुढं काय करायचं ते ठरणार नव्हतं. बाहेरून साबणाचा लोण्यासारखा थर. त्यात उटण्याचे तपकिरी कण, मोजता येतील इतके जाड. एक लाल टिकली. मुलींचे केस. आणि अगदी आत, सगळ्याच्या गाभ्याला, माझ्या ओव्हरलॉक मशीनचा मरून दोरा, उलगडला तर अडीच हात. शिवताना दोऱ्याचे तुकडे साडीला चिकटतात, आंघोळीला जाताना तेच टबात झडतात. पेळू करताना कापूस काडीभोवती गुंडाळावा तसे केस त्या दोऱ्याभोवती गुंडाळले गेले होते. तो दोरा नसता तर एवढी गाठ झाली नसती, असं मला वाटतं.

पाणी सोडलं तर गेलं, पण अजून संथ. मग स्प्रिंग घेतली. हे काम दोघांचं आहे: एकानं दांडा फिरवायचा, एकानं तोंडाशी तार धरायची. धाकटी लेक तोंडाशी बसली, तिलाही हातमोजे घातले. तार सरळ गेली, वळणाशी अडली. इथं लोक जोर करतात आणि तारेला मुरड पडते, मग ती कामातून गेली. जोर न करता घड्याळाच्या दिशेनं फिरवत राहिलं की टोक स्वतःच वळणात शिरतं, आणि शिरल्याचं हाताला कळतं, ताण एकदम हलका होतो. दीड मीटरवर खरखर लागली. तिथं पाच-सहा वेढे दिले आणि फिरवणं न थांबवता तार मागं घेतली. टोकाला तांबडा गाळ आणि साबणाच्या वड्या आल्या. असं तीनदा केलं.

शेवटी पंप. या वेळी लेकीनं ओल्या फडक्याची घडी वरच्या भोकावर दोन्ही तळव्यांनी दाबून धरली. टबात पंपाची वाटी बुडेल एवढं पाणी घेतलं, कारण वाटीत हवा राहिली तर दाब बसत नाही. आठव्या दणक्याला खालून 'गळप' झालं आणि पाण्याचा भोवरा धरला. लेक ओरडली, "आई, जाऊलंय, जाऊलंय!" त्यावर दोन बादल्या गरम पाणी सोडलं. उकळतं नाही, हात घालून सोसेल इतकंच. पाइप पीव्हीसीचे आहेत, उकळत्या पाण्यानं ते मऊ पडतात आणि सांधे सुटतात. सासूबाई बंबातलं कढत पाणी ओतूया म्हणत होत्या, त्यांना थांबवलं.

चार बोटं पाणी भरून परत सोडलं आणि घड्याळ लावलं. पाऊण तासात न हलणारं पाणी तीन मिनिटांत गेलं. एकंदर खर्च ३९० रुपये आणि एक दुपार.

आता वस्तूंबद्दल जे पटलं नाही तेही. पट्टीचे काटे ठिसूळ आहेत. पहिल्याच दिवशी दोन तुटले. तुटलेला काटा पाइपात राहिला तर तोच पुढच्या गाठीचं निमित्त होणार, म्हणून ओढल्यावर काटे मोजावेत. काट्यांचं टोक फायबरवर ओरखडा काढतं. आमच्या टबावर मोरीच्या कडेला एक बारीक रेघ आलीच. ओढण्याआधी कडेला फडकं ठेवा. पट्टीवर खोलीच्या खुणा नाहीत. मी शिंप्याच्या खडूनं केल्या, पण पाण्यात पुसल्या, मग नेलपॉलिशच्या केल्या, त्या टिकल्या. स्प्रिंगची तार चांगली आहे, पण दांड्याचा पेच दर दहा वेढ्यांनी ढिला होतो. आणि पुसून, वाळवून ठेवली नाही तर गंजते. पहिल्या आठवड्यातच तांबूस झाली, तेव्हापासून तेलाचा बोळा फिरवून खुंटीला टांगते. तरीही ३२० रुपयांत मला ती महाग वाटत नाही. नवं घर बांधणाऱ्यांनी मात्र टबाच्या बाजूला काढता येईल अशी एक फरशी ठेवायला मिस्त्रीला आधीच सांगावं.

परत गेले तेव्हा दुकानातून ३० रुपयांची बारीक स्टीलची जाळी आणली, मोरीवर नुसती ठेवायची. रोज सकाळी ती उचलून केस कागदात घालते. दर शनिवारी पट्टी एकदा फिरवते, आता काही निघत नाही, निघालंच तर चारदोन केस. आंघोळीला जाण्याआधी साडी दारातच झटकते, दोरे तिथंच पडतात. उटण्याचं सासूबाईंनी स्वतःच ठरवलं: पुढच्या दिवाळीला ते मागच्या अंगणात पाटावर बसवून लावायचं आणि चोळून तिथंच उतरवायचं, टबात फक्त पाणी. बारीक कुटण्याला मात्र त्या अजून तयार नाहीत.