खाओ सुए की लक्सा?

आईच्या साठीनिमित्त घोडबंदर रोडवरच्या एका महागड्या आग्नेय आशियाई रेस्टॉरंटमध्ये गेलो. मेन्यूत नारळाच्या दुधातले नूडल्सचे दोन बाऊल होते. दोन्ही मागवले.

खाओ सुए म्यानमारचं. त्याच्या रश्श्याला दाटपणा येतो बेसनामुळे, म्हणून पहिल्याच घासाला ओळखीचं वाटतं. खरी मजा सोबतच्या वाट्यांची: तळलेला कांदा, कुरकुरीत लसूण, भाजलेले दाणे, उकडलेलं अंडं, लिंबाची फोड. आईने प्रत्येक वाटीतलं थोडं थोडं घालून मिसळ सजवावी तसा बाऊल सजवला, वर लिंबू पिळलं. तिखट आपल्या हातात राहतं, त्यामुळे सोबत लहान मुलं किंवा आजी-आजोबा असतील तर हेच मागवा.

लक्सा मलेशिया-सिंगापूरकडची, चवीला जास्त धीट. तिच्या वाटणात गलंगल (आल्याच्या जातीचा कंद), गवती चहाचे बुडखे, सुक्या मिरच्या आणि सुकी कोळंबी. बाऊल टेबलावर आला नि बाबा म्हणाले, "अगं, हा तर सोड्यांचा वास!" त्यांचं लहानपण चेंदणी कोळीवाड्याजवळ गेलं, त्यांना तो वास लगेच कळला.

शाकाहारी मंडळींनी मात्र वाटणात काय आहे ते आधी विचारावंच. वरची कोळंबी काढली म्हणून लक्सा शाकाहारी होत नाही. खाओ सुएतही फिश सॉस असू शकतो.

मला विचाराल तर लक्सा. त्यातला तळलेला टोफू स्पंजासारखा रस्सा पिऊन बसतो आणि चावला की तो गरम रस्सा तोंडभर पसरतो. त्या एका घासासाठी मी पुन्हा जाईन.