आरोप सौम्य झाला की शिक्षा? कायद्याच्या इंग्रजीचा एक कोर्स

कोर्टाच्या बातम्या मराठीतून इंग्रजीत करणं हे माझं रोजचं काम. मध्यंतरी एका बातमीत ‘रिड्यूस्ड चार्ज’च्या जागी मी ‘रिड्यूस्ड सेन्टेन्स’ लिहून बसले. आरोप सौम्य झाला होता, शिक्षा तर अजून सुनावलीच नव्हती. छापायच्या आधी सहकाऱ्याच्या नजरेस पडलं म्हणून निभावलं, पण मन खात राहिलं. मग कायद्याच्या इंग्रजीचा हा ऑनलाइन कोर्स केला.

तिसऱ्या धड्यासाठी तरी तो कराच. कोणत्या क्रियापदापुढे कोणतं प्रीपोझिशन, हा त्याचा विषय. ‘चार्ज्ड विथ मर्डर’, ‘प्लीडेड गिल्टी टू’, पण ‘फाउंड गिल्टी ऑफ’. आपण ‘खुनाच्या आरोपाखाली’ म्हणतो, त्यामुळे हात आपसूक ‘अंडर’कडे वळतो. ‘अंडर’ कलमाला, ‘विथ’ गुन्ह्याला, हे इथे वाक्यं लिहून घेऊन अंगवळणी पाडतात.

त्याच धड्यात एक उतारा आहे. आरोपीवर खुनाचा खटला, ज्यूरीने दोषी धरलं मॅनस्लॉटरबद्दल, म्हणजे खुनाहून सौम्य अशा मनुष्यवधाबद्दल. मी लिहिलं, ‘चार्ज वॉज रिड्यूस्ड’. शिक्षिकेने खोडलं. आरोप शेवटपर्यंत खुनाचाच होता, सौम्य ठरला तो निकाल. म्हणून ‘क्लिअर्ड ऑफ मर्डर बट कन्व्हिक्टेड ऑफ मॅनस्लॉटर’. सरकार पक्षाने खटल्याच्या ओघात आरोपच बदलला, तरच ‘रिड्यूस्ड’. इतकी वर्षं मी दोन्हींना एकच शब्द वापरत होते! ‘ड्रॉप्ड’ आणि ‘डिस्मिस्ड’ही तसेच: आरोप मागे घेतो सरकार पक्ष, फेटाळतं कोर्ट.

इंग्लंड आणि अमेरिका यांची मात्र सरमिसळ झालीय. ‘सेकंड डिग्री मर्डर’ शिकवताना हा अमेरिकी प्रकार आहे, इंग्लंडच्या कायद्यात खुनाच्या अशा पायऱ्या नाहीत, हे सांगायलाच हवं होतं. उलट ‘डिमिनिश्ड रिस्पॉन्सिबिलिटी’चा धडा सुरेख आहे. आरोपीची मानसिक अवस्था बिघडलेली असली तर खुनाऐवजी मॅनस्लॉटर ठरवण्याची इंग्लंडमधली ही तरतूद १९५७च्या होमिसाइड ॲक्टमधली, हे संदर्भासकट समजावलंय. ‘प्लीडेड’ऐवजी ‘प्लेड’ हे भूतकाळाचं रूप सरसकट चूक म्हणतात ते मला पटलं नाही. अमेरिकेत वकीलही ते सर्रास वापरतात. ‘प्लीडेड’ जास्त सुरक्षित, एवढं म्हणणं पुरे होतं.

तपासून आलेल्या वह्यांवरचे शेरे नेमके असतात. सौम्य आरोप या अर्थाने लिहिलेल्या माझ्या ‘लेस चार्ज’पुढे फक्त ‘लेसर’ लिहून आलं होतं, आणि खाली एक ओळ: ‘लेस’ मोजायला, ‘लेसर’ तोलायला. ती ओळ मी टेबलासमोर चिकटवून ठेवलीय.