केनियाला जाऊन शिकवायचं की ठाण्यातून झूमवर?
आमच्या ठाण्याच्या चर्चमध्ये सध्या हाच विषय, केनियातल्या पाळकांना बायबल शिकवायला प्रत्यक्ष जायचं की झूमवर भागवायचं. झूम स्वस्त पडतं, वेळेचा फरकही अडीच तासांचाच, इकडे साडेआठला बसलं की तिकडे सहा. पण नेट गेलं की बायबलमधल्या रोमकरांस पत्रातला मुद्दा मधेच लटकतो, आणि कॅमेरे बंद असले की कुणाला काय कळलं ते देवालाच ठाऊक! जायचं तर यलो फीव्हरची लस किमान 10 दिवस आधी, तिकीट, रजा, सगळी उठाठेव. तरी दुभाष्या स्वाहिलीत सांगत असतो तेवढ्यात चेहरे वाचता येतात, आणि खरे प्रश्न चहाच्या वेळीच निघतात. माझं मत, आधी एकदा जाऊन या मग पुढचं झूमवर, आणि बायबलची अख्खी 66 पुस्तकं उरकायच्या नादी लागू नका, त्यातल्या तीताला लिहिलेल्या पत्राचे 3 अध्याय नीट झाले तरी पुष्कळ.