वाळूचा साचा की पोलादी डाय?

ओतकाम, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून वस्तू बनवणं, शिकायचं तर सुरुवात वाळूच्या साच्यापासूनच करावी, असं माझं ठाम मत. पॅटर्न (वस्तूचा नमुना), कोअर (आतली पोकळी राखणारा गाभा), रायझर (आकसताना जादा धातू पुरवणारी जागा) सगळं डोळ्यांसमोर घडतं. थंड होताना बीड (कास्ट आयर्न) साधारण १ टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवतात. हे एकदा हाताने केलं की विसरत नाही. साचा मात्र दर ओतणीनंतर फोडावा लागतो, पृष्ठभागही खरबरीत येतो.

डाय कास्टिंगमध्ये वितळलेला धातू दाबाने पोलादी डायमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायच्या साच्यात शिरतो. नग गुळगुळीत, मापात, झटपट! पण डाय महाग. हजारो नग काढायचे असतील तरच परवडते. शिवाय ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, बीड ११५० च्या आसपास. तेवढी उष्णता डाय फार काळ सोसत नाही. त्यामुळे कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत बिडासाठी आजही वाळूच वापरतात.