‘मार्च १९६५, सगळा ओरिजिनल’: जुना फेंडर अ‍ॅम्प घेण्याआधी हे वाचा

जुना ट्यूब अ‍ॅम्प, म्हणजे व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर, घ्यायच्या विचारात कोणी असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. इथे न्यू जर्सीत मला फेंडर कंपनीचा १९६९ चा ‘डीलक्स रिव्हर्ब’ अ‍ॅम्प १९६५ चा म्हणून विकला गेला. तो इतक्या मेहनतीने ‘जुना’ केलेला होता की बाहेरून बघून भल्याभल्यांना कळलं नसतं. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण कोर्टात न्यायचं आहे. त्याने काय काय केलं ते मात्र सगळं सांगतो.

चार वर्षांनी असा काय फरक पडतो, असं कोणी विचारेल. फरक पडतो तो किमतीत. लिओ फेंडरने आपली कंपनी जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. त्याआधीचा आणि त्या सुमाराचा माल आज चढ्या भावाने जातो. १९६३ ते ६७ दरम्यानच्या अ‍ॅम्पची पुढची पट्टी काळी असते, त्यांना ब्लॅकफेस म्हणतात. पुढे ती चंदेरी झाली, ते सिल्व्हरफेस. डीलक्स रिव्हर्बचं सर्किट मात्र या बदलात जवळजवळ तेच राहिलं: ६व्ही६ च्या दोन पॉवर ट्यूब, साधारण २२ वॉट, बारा इंची एक स्पीकर. १९६९ चा चांगला अ‍ॅम्प ऐकायला उत्तमच असतो, त्यामुळे आवाजावरून लबाडी पकडता येत नाही. फसवणाऱ्याच्या हे पथ्यावरच पडतं.

जाहिरातीत लिहिलं होतं की अ‍ॅम्प विकणाऱ्याच्या काकांचा, एकाच घरात राहिलेला, एकही भाग न बदललेला. किंमत ३,२०० डॉलर. आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत मी गिटार वाजवतो, आणि असा अ‍ॅम्प घरी असावा ही फार जुनी इच्छा होती. बघायला गेलो तर काळं टोलेक्स (बाहेरचं रेक्झिनसारखं आवरण) कुठे फाटलेलं नाही, पुढची जाळी स्वच्छ, नॉब सगळे जागेवर. कॅबिनेटच्या आतल्या बाजूला ट्यूब चार्टचा (कुठली ट्यूब कुठे बसते ते दाखवणारा) पिवळा पडलेला कागद आणि त्यावर ‘ओसी’ असा शिक्का. फेंडरच्या या शिक्क्यात पहिलं अक्षर वर्षाचं आणि दुसरं महिन्याचं असतं. १९५१ ला ‘ए’ धरून मोजत गेलं की ‘ओ’ म्हणजे १९६५, आणि ‘सी’ म्हणजे मार्च. पट्टीवर सीबीएसच्या आधीचं, ‘फेंडर इलेक्ट. इन्स्ट. कं.’ असं कंपनीचं जुनं नाव. स्पीकरवर ४६५ आणि पुढे ५. त्यातला ४६५ हा ऑक्सफर्ड कंपनीचा क्रमांक आणि ५ म्हणजे १९६५. तिन्ही खुणा एकमेकींशी जुळत होत्या.

चॅसिस, म्हणजे सर्किट बसवलेला आतला धातूचा सांगाडा, काढून आतून बघू का, असं मी विचारलं. त्यावर तो म्हणाला, “हे स्क्रू आजवर कोणी फिरवलेले नाहीत, फिरवले की व्हॅल्यू गेली.” पाठोपाठ सांगितलं की संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय, आणि पैसे मित्राला पाठवतात त्या पर्यायाने पाठवा, म्हणजे दोघांचीही फी वाचेल. ही तीन वाक्यं एकापाठोपाठ कानावर आली, की समोरचा माणूस कितीही सज्जन दिसो, तिथून उठावं.

घरी अ‍ॅम्प गुणगुणायला लागला. साठ वर्षांच्या अ‍ॅम्पमध्ये फिल्टर कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) बदलावे लागतात आणि दोन पिनांची वायर काढून अर्थिंगवाली तीन पिनांची बसवून घ्यावी लागते. त्या कामासाठी मी तो आमच्या भागातल्या एका वयस्कर मेकॅनिककडे नेला. आयुष्यभर ते ट्यूब अ‍ॅम्पच दुरुस्त करत आले आहेत. त्यांनी कपॅसिटर डिस्चार्ज केले, चॅसिस उलटी करून टेबलावर ठेवली, टॉर्च धरला आणि मला म्हणाले, “ये, तूच वाच.”

पट्टीमागे नऊ पॉट, म्हणजे नॉबने फिरवायचे कंट्रोल, एका ओळीत होते आणि प्रत्येकाच्या पाठीवर आकडे कोरलेले. पहिल्यावर १३७६९१४. यात १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ६९ म्हणजे १९६९, आणि १४ म्हणजे त्या वर्षाचा चौदावा आठवडा. बाकीचेही सगळे ६९ चेच. पॉट नंतर कोणी बदलले असतील, असं मी म्हणून पाहिलं. त्यांनी टॉर्च पितळी पत्र्यावर आणला. पॉट त्या पत्र्याला जिथे डाग दिलेले होते तिथलं सोल्डर करडं, निस्तेज, कधीही न हललेलं होतं. म्हणजे पॉट कारखान्यातलेच. ट्रान्सफॉर्मरवर शूमाकर कंपनीचा ६०६ आणि पुढे ९, म्हणजे १९६९. कुठलाही अ‍ॅम्प त्याच्या सर्वांत नव्या मूळ भागाहून जुना असू शकत नाही, एवढं साधं गणित आहे.

मग एकेक गोष्ट उघडी पडत गेली. काळी पट्टी नवी होती. ती ज्या नटांनी धरलेली असते त्यांच्या कडांवर पान्याचे ताजे ओरखडे होते. जाळी ज्या फळीवर स्टेपल केलेली असते तिथे जुन्या स्टेपलची भोकं वेगळी आणि नवी वेगळी. ‘मार्च १९६५’चा तो कागद एका मोठ्या कागदाच्या जागी चिकटवला होता, मूळच्या चार्टची उरलेली कड खालून दिसत होती. कागदाचा पिवळेपणाही सगळीकडे एकसारखा होता, आणि खरा जुना कागद असा एकसारखा कधी पिवळा पडत नाही. त्या तीन खुणांत अस्सल होता फक्त स्पीकर. तो चार नट काढले की एका अ‍ॅम्पमधून दुसऱ्यात जातो, आणि नेमका त्याचाच फोटो जाहिरातीत सर्वांत मोठा होता.

नव्या पट्ट्या, जाळ्या, चार्ट उघडपणे विकत मिळतात आणि त्यात काहीच गैर नाही, दुरुस्तीसाठी ते लागतातच. गैर आहे ते त्यांच्या जोरावर खोटं वर्ष विकणं. मला पैशाइतकाच राग याचा आहे की १९६९ चा एक चांगला, एकसंध अ‍ॅम्प या माणसाने मोडला. त्याची मूळ पट्टी, मूळ जाळी आणि मूळ कागद आता कुठे आहेत कोणास ठाऊक.

फोटो पाठवल्यावर त्याने एकच उत्तर दिलं, “काकांनी सांगितलं तेच मी सांगितलं,” आणि मग नंबर ब्लॉक केला. मित्राला पाठवलेल्या पैशांना खरेदीदाराचं संरक्षण नसतं, त्यामुळे तिथून काही मिळालं नाही. न्यू जर्सीत स्मॉल क्लेम्स कोर्टात ५,००० डॉलरपर्यंतचा दावा लावता येतो. मेकॅनिकचा सहीचा अहवाल, जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि आकड्यांचे फोटो जोडून आता तिकडेच जातो आहे.

तुम्ही घेत असाल तर पैशांची बोलणी सुरू होण्याआधीच चॅसिसच्या आतले फोटो मागा: सगळ्या पॉटच्या पाठी, ट्रान्सफॉर्मरचे आकडे, सोल्डरचे डाग, फळीवरची स्टेपल. विकणारा प्रामाणिक असेल तर एखाद्या मेकॅनिककडून ते काढून घेईल. स्वतः मात्र उघडायला जाऊ नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चारशेहून जास्त व्होल्ट राहू शकतात, माणूस जाऊ शकतो.

पुण्या-मुंबईहून जे इथल्या भावाला किंवा मावशीला “येताना तेवढा अ‍ॅम्प घेऊन ये” म्हणतात, त्यांनी तर जास्तच जपावं. आणणाऱ्याला त्यातलं काही कळत नसतं आणि परत करायची सोयही उरत नाही. शिवाय अमेरिकेत विकलेले हे अ‍ॅम्प इथल्या ११०-१२० व्होल्टसाठी बनवलेले आहेत, भारतातल्या २३० व्होल्टवर थेट लावले तर जळतील. व्होल्ट उतरवणाऱ्या स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरचा खर्च आधीच धरा.

कोणाला आकड्यांचे फोटो आले आणि वाचता येत नसतील तर मला पाठवा. जमेल तेवढं त्याच दिवशी बघून सांगेन.