गाडीतला हॅम सेट: नऊ महिने आणि एक पावसाळा

हॅम रेडिओचा, म्हणजे परवाना घेऊन हौसेने हवेतून बोलायचा सेट गेल्या नोव्हेंबरात गाडीत बसवला. आता ऑगस्ट संपत आलाय, म्हणजे मुंबईचा एक अख्खा पावसाळा त्याने काढला. पहिल्याच महिन्यात लिहायला बसलो असतो तर नुसतं कौतुक झालं असतं. आता जे लिहितोय ते वापरून, बिघडवून आणि दुरुस्त करून झाल्यावरचं आहे.

मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. दोन मीटर आणि सत्तर सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लाटांच्या दोन पट्ट्यांवर चालणारा (ड्युअल बँड), ५० वॉटचा, पुढचं पॅनल सुटं होणारा मोबाइल सेट आहे. यासू, आयकॉम, केनवुड यांच्यापैकी कुणाचाही या जातीचा सेट घेतलात तरी गाडीत बसवताना प्रश्न तेच येतात. सेटने मला एकदाही दगा दिला नाही. जो त्रास झाला तो सगळा सेटच्या बाहेर झाला, वायरीत, फ्यूजमध्ये आणि अँटेनाच्या बुडाशी. त्यामुळे लिहायचंय तेही त्याबद्दलच.

लायसन्सचं आधी सांगतो. माझं रिस्ट्रिक्टेड ग्रेडचं आहे, कॉलसाइन (हवेत सांगायची ओळख) व्हीयू३ ने सुरू होणारा. ज्यांचं अजून झालेलं नाही त्यांनी आधी परीक्षा द्यावी, सेट नंतर घ्यावा. आपल्याकडे विनापरवाना ट्रान्समीटर नुसता बाळगणं हाच गुन्हा आहे. दुसरं म्हणजे, बाहेरच्या देशांसाठी बनलेले सेट आपल्या बँडच्या पलीकडेही ट्रान्समिट करतात. आपला दोन मीटरचा बँड १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ, आणि सत्तर सेंटिमीटरवर ४३४ ते ४३८. मी पहिल्याच दिवशी आपल्या बँडमधले चॅनल मेमरीत भरले आणि गाडीत तेवढेच वापरतो. नॉब फिरवताना चुकून भलतीकडे जायचा प्रश्नच उरत नाही.

आता वीज. सुरुवात मी सिगारेट लायटरच्या सॉकेटवरून केली. ऐकायला काही अडचण नव्हती, पण पीटीटी (बोलताना दाबायचं माइकवरचं बटण) दाबला की डिस्प्ले मंदावायचा आणि समोरचा म्हणायचा, "आवाज तुटतोय." मग कुर्ल्याच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याने म्युझिक सिस्टीमच्या लाइनमधून जोड काढून दिला. दुसऱ्या दिवशी फ्यूज उडाला. परत गेलो, तर त्याने १० अँपिअरचा काढून २० चा टाकला आणि म्हणाला, "आता नाही उडणार." खरंच नाही उडाला. डिसेंबरात एका रविवारी दादरहून मुलुंडला परत येताना सायनच्या पुढे मी मित्राशी बराच वेळ फुल पॉवरवर बोलत होतो. गाडी बायको चालवत होती. मागून मुलगी म्हणाली, "बाबा, काहीतरी जळतंय का?" गाडी कडेला घेतली, डॅशबोर्डखाली हात घातला, तर वायरीचं प्लॅस्टिक मेणासारखं मऊ झालं होतं. बोटाला चिकटलं.

त्या रात्री आमच्याकडच्या एका ज्येष्ठ हॅमना फोन केला. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. ते दुसऱ्या दिवशी सकाळी मल्टिमीटर घेऊनच आले. म्हणाले, "तू काही बोलू नकोस, आधी मीटर लाव आणि पीटीटी दाब." तो जोड काढून टाकून सेट पुन्हा सॉकेटवर लावला होता. इंजिन चालू, सेटच्या मागे १३.९ व्होल्ट. पीटीटी दाबला, ११.४. असे सेट १३.८ व्होल्टला धरून बनवतात आणि माझ्या सेटच्या पुस्तिकेत खाली-वर १५ टक्के चालतं असं लिहिलंय. म्हणजे ११.७ च्या खाली गेलं की आपण मर्यादा ओलांडली. काका म्हणाले, "फ्यूज सेटला वाचवायला नसतो रे, वायरीला वाचवायला असतो. वायर बारीक ठेवून फ्यूज मोठा केलास, म्हणजे वायरच फ्यूज झाली."

५० वॉटला हा सेट साधारण साडेदहा अँपिअर ओढतो. बॅटरीपासून सेटपर्यंत साडेतीन मीटर, जाऊन-येऊन सात. एक स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीत एवढ्या अंतरात सव्वा व्होल्टच्या वर वाटेतच पडतो, चार स्क्वेअर एमएममध्ये जेमतेम पाव ते अर्धा. लॅमिंग्टन रोडवरून चार स्क्वेअरची वायर, वॉटरप्रूफ फ्यूजहोल्डर, १५ अँपिअरचे ब्लेड फ्यूज आणि रिंग लग आणले. आता पॉझिटिव्ह थेट बॅटरीवरून घेतलाय आणि फ्यूज टर्मिनलपासून वीतभर अंतरावर आहे. तो सेटजवळ लावला तर मधली सगळी वायर उघड्यावर राहते. ती कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर आग लागेपर्यंत कुणी अडवणारं नसतं. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून वायर रबरी ग्रोमेटमधूनच (भोकाच्या धारेपासून वायर वाचवणारं कडं) नेली. निगेटिव्हचं एक खास सांगतो. नव्या बऱ्याच गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असतो. तिथेच सेटची काळी वायर चिकटवली की गाडीच्या कॉम्प्युटरला सेटने घेतलेला करंट कळत नाही. ती वायर बॅटरीची केबल बॉडीला जिथे बसते त्या बोल्टवर घ्यायची. आता पीटीटी दाबल्यावर सेटच्या मागे १३.४ दिसतात. वायर, फ्यूज, रिले, कनेक्टर, टेप सगळं धरून साडेतीन हजारांच्या आसपास गेले, आणि सेटच्या किमतीपेक्षा हे पैसे मला जास्त सत्कारणी लागलेले वाटतात.

रिले, म्हणजे गाडीच्या चावीबरोबर चालू-बंद होणारा स्विच, का, तर माझी गाडी सीएनजीची आहे. थेट बॅटरीवर जोडलेला सेट चावी काढली तरी चालूच राहतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पंपावर रांगेत आपण इंजिन बंद करतो, सगळे उतरतो, आणि गाडीत ५० वॉटचा ट्रान्समीटर जागा असतो. माइक सीटच्या फटीत पडून पीटीटी दाबला गेला तर? हे नुसतं कल्पनेतलं नाही. फेब्रुवारीत माझा माइक हँडब्रेक आणि सीटच्या मध्ये अडकला आणि रिपीटर (आपला सिग्नल घेऊन पुढे दूरवर पाठवणारं केंद्र) अडवून बसला. ट्रान्समिशन आपोआप तोडणारा टाइम-आउट टायमर तीन मिनिटांवर ठेवला होता म्हणून सुटका झाली. पंपावर नव्हतो, एवढंच. आता इग्निशनवर चालणारा ३० अँपिअरचा रिले आहे, चावी काढली की सेट मेला. शिवाय रांगेत शिरण्याआधी मी सेटचं बटणही हाताने बंद करतो, पेट्रोल पंपावरही तेच. डिकीत सिलिंडर असेल तर तिथे सेट बसवायला भोकं पाडू नका आणि सिलिंडरच्या फ्रेमखालून वायर ओढू नका. गॅसची नळी तिथूनच जाते.

अँटेना म्हणजे क्वार्टर वेव्ह (पाव लाटेची), साधारण ४९ सेंटिमीटरची साधी काडी. सुरुवातीला टपाच्या मधोमध मॅग्नेटवर ठेवली. रेडिओच्या दृष्टीने याहून चांगली जागा नाही. चारी बाजूंना सारखा पत्रा मिळतो आणि तोच पत्रा आत बसलेल्यांना आड येतो. पण मॅग्नेटखाली धूळ साचते आणि दर धुण्याला रंगावर चरे उठतात. वर मॉलच्या पार्किंगचा आडवा दांडा. मार्चमध्ये डिकीच्या दाराच्या कडेवर स्क्रूने पकडणारा, अँटेना आडवी होणारा माउंट लावला. एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती पॉवर परत फिरते याचं माप (१ सर्वांत चांगलं), २.५ आला. तीन तास काडीची लांबी कमी-जास्त करत बसलो, मग मीटरने पाहिलं तर माउंट आणि बॉडी यांच्यात संपर्कच नव्हता. बारीक स्क्रू रंगावरच टेकले होते. ते एकेक पाव वळसा आवळले, पत्र्यात रुतले, आणि एसडब्ल्यूआर १.३ वर आला. दाराच्या बिजागरीवरून बॉडीपर्यंत तारांची विणलेली एक चपटी पट्टीही (ब्रेड) टाकली. एसडब्ल्यूआर बघताना पाच वॉटवर बघा, आधी फ्रिक्वेन्सी रिकामी आहे का ते ऐका आणि आपला कॉलसाइन द्या.

अँटेना मागे गेल्यावर एक नवाच त्रास सुरू झाला. ५० वॉटवर पीटीटी दाबला की रिव्हर्सचा सेन्सर आपोआप कुईं करायचा. कोअॅक्स, म्हणजे अँटेनाची केबल, सेन्सरच्या वायरींच्या जुडग्याला चिकटून गेली होती. ती दुसऱ्या बाजूने नेली, सेन्सरच्या वायरीवर वायरीत शिरणारा रेडिओचा सिग्नल अडवणाऱ्या दोन फेराइट क्लिप लावल्या, थांबलं. डॅशकॅमच्या स्वस्त चार्जरने रिसीव्हरमध्ये घरघर घातली होती, तो सरळ बदलला.

अँटेनाजवळ कुणी उभं असेल तर मी पीटीटी दाबत नाही. ३० ते ३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात माणसाचं शरीर रेडिओची ऊर्जा सगळ्यात जास्त शोषतं, म्हणून आंतरराष्ट्रीय मर्यादा तिथेच सर्वांत कडक आहेत, आणि आपला दोन मीटर नेमका त्यात येतो. टपावर अँटेना होती तेव्हा लोक दूर असायचे. आता ती डिकीजवळ, सामान काढणाऱ्याच्या तोंडाशी आहे. सासऱ्यांना पेसमेकर आहे. ते गाडीत असले की सेट बंद, त्यावर आमच्याकडे चर्चा होत नाही.

पावसाने माझं सगळ्यात मोठं नुकसान केलं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एसडब्ल्यूआर हळूहळू चढायला लागला, १.३ वरून १.६, मग २, मग ३ च्या पुढे. तीनला पाव पॉवर परत फिरते. बुडाचा कनेक्टर खोलला तर आतून पाण्याचा थेंब पडला, आणि कोअॅक्सची जाळी हिरवट-काळी. चाकूने साल काढत गेलो तर हाताच्या लांबीएवढी काळी पडत आत गेली होती. पीएल-२५९ कनेक्टर मुळातच वॉटरप्रूफ नसतो आणि मी त्यावर नुसती काळी इलेक्ट्रिकल टेप गुंडाळली होती. नवी केबल टाकली. आता आधी स्वतःत विरघळून एकजीव होणारी रबरी टेप, खालून वर ओढत, प्रत्येक वेढा अर्धा चढवून, आणि तिच्यावर उन्हासाठी साधी टेप. केबल दारातून आत शिरण्याआधी खाली एक झोळ दिलाय, पाणी तिथेच ठिबकतं. काल पुन्हा खोलून पाहिलं, तांबं लख्ख आहे.

सेट आधी सीटखाली होता. सगळे तिथेच बसवतात, मीही बसवला. पण मी २६ जुलै २००५ च्या रात्री कलिन्याला अडकलेला माणूस आहे. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि हातातला फोन निरुपयोगी होऊन बसला होता. या छंदाकडे मी वळलो ते त्या रात्रीमुळे. मुंबईत ज्या दिवशी रेडिओची खरी गरज पडेल, त्याच दिवशी सीटखाली पाणी असेल. हे कळायला मला जूनमध्ये ओली झालेली मॅट लागली. आता सेटचं धूड मागच्या सीटच्या पाठीमागे वर, हवा लागेल असं आहे, फक्त पॅनल पुढे, तेही एअरबॅगच्या वाटेतून बाजूला.

चालवताना मी बोलत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, हातात धरायचं संवादाचं साधन वापरत गाडी चालवणं हे धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलंय. माइक त्यात बसतो की नाही यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतात. मला वाद घालायचा नाही, ईस्टर्न एक्सप्रेसवर एक हात स्टिअरिंगवर आणि एक माइकवर हे मला जमतही नाही आणि जमवायचंही नाही. ऐकत चालवतो, बोलायचं तर थांबतो. लायसन्सची प्रत ग्लोव्ह बॉक्समध्ये असते. नाकाबंदीत दोनदा विचारणा झाली, कागद दाखवला, हॅम म्हणजे काय ते सांगितलं, दोन्ही वेळा सोडलं.

कव्हरेजबद्दल थोडक्यात. मुलुंड ते घाटकोपर रिपीटर पाच वॉटवर सहज उघडतो. ५० वॉटची गरज मला महिन्यातून एखाद-दोनदाच पडते, म्हणून सेट आता कायम लो पॉवरवर असतो. पवईच्या टेकड्यांमागे आवाज गायब होतो. कोस्टल रोडच्या बोगद्यात काहीच नाही. लोअर परळला टॉवरांमधून सिग्नल आपटत येतो आणि आवाज फडफडतो. सिग्नलला थांबल्यावर ऐकू येईनासं झालं तर गाडी हात-दोन हात पुढे सरकवा. १४५ मेगाहर्ट्झची लाट दोन मीटरची, त्यामुळे मेलेल्या जागेपासून चांगली जागा पाव लाटेवर, म्हणजे अर्ध्या मीटरवरही असू शकते.

या नऊ महिन्यांतला सर्वांत आनंदाचा क्षण मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावर, रो-रोच्या रांगेत. मित्र आधीच्या फेरीने मांडव्याला पोचला होता, त्याच्याकडे पाच वॉटचा हँडी, म्हणजे हातात मावणारा सेट. मीही पाच वॉटवर, मध्ये रिपीटर नाही, फक्त पाणी. त्याने माझा कॉलसाइन घेतला आणि आवाज इतका स्वच्छ आला की बायकोने पुस्तकातून मान वर केली. "कोण, तो पलीकडून बोलतोय?" तिने विचारलं. मी माइक तिच्याकडे दिला नाही, तिला लायसन्स नाही. मित्राला तिचा नमस्कार मात्र सांगितला. मग गाडी बोटीत चढवायची वेळ झाली आणि सेट बंद केला. बोटीवर कप्तानाच्या परवानगीशिवाय ट्रान्समिट करायचं नसतं. बायकोने परतीच्या वाटेवर परीक्षेचा अभ्यासक्रम मागितला. सध्या ओहमच्या नियमापर्यंत आली आहे.