मोटरहोमसाठी टॅबलेटवरचे नेव्हिगेशन अ‍ॅप : काही महिन्यांच्या वापरानंतर

न्यू जर्सीहून दक्षिणेकडे व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायनापर्यंत स्वतःच्या मोटरहोमने, आणि उन्हाळ्यात मोंटानामध्ये भाड्याच्या गाडीने, असे प्रवास करताना आम्ही आरव्हीसाठीच (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाड्यांसाठी; मोटरहोम हा त्यातलाच एक प्रकार) बनवलेले एक नेव्हिगेशन अ‍ॅप टॅबलेटवर सातत्याने वापरले. वार्षिक वर्गणी घेणाऱ्या अशा मोजक्या अ‍ॅपांपैकी ते एक आहे. त्याचे नाव येथे देत नाही, कारण पुढचे बहुतेक मुद्दे या प्रकारच्या सगळ्याच अ‍ॅपांना कमी-अधिक प्रमाणात लागू पडतात. अमेरिकेत आता अनेक मराठी कुटुंबे सुट्टीत आरव्ही भाड्याने घेतात आणि रोजच्या कारसाठी वापरायचे अ‍ॅप त्याच भरवशावर लावून निघतात. त्यांनी हे वाचावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आधी या अ‍ॅपची गरज का पडते ते सांगतो. कारसाठीचे अ‍ॅप सर्वांत लवकर पोहोचवणारा रस्ता शोधते. आपली गाडी किती उंच आहे, किती लांब आहे, तिच्या पोटात प्रोपेनची, म्हणजे स्वयंपाकाच्या आणि हीटरच्या गॅसची, टाकी आहे की नाही, हे ते विचारत नाही. कारला त्याने काहीच बिघडत नाही. क्लास सी मोटरहोमची (व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली, मधल्या आकाराची) उंची मात्र छपरावरच्या एसीसह साधारण १० ते १२ फूट असते, क्लास ए (बससारखी मोठी) त्याहूनही उंच. इंटरस्टेटवर, म्हणजे राज्याराज्यांना जोडणाऱ्या मोठ्या महामार्गांवर (आय-९५ वगैरे क्रमांकांचे), पुलाखाली ग्रामीण भागात १६ फूट आणि शहरी भागात किमान १४ फूट जागा असावी असा दंडक आहे, त्यामुळे तिथे सहसा चिंता नसते. खरी अडचण जुन्या रस्त्यांवर येते. बॉस्टनच्या स्टोरो ड्राइव्हवर उंचीची मर्यादा १० फूट आहे. नॉर्थ कॅरोलायनातील डरॅम शहरातला रेल्वेपूल ११ फूट ८ इंचांचा होता आणि त्यावर आदळून ट्रकांची व आरव्हींची छपरे सोलून निघत. २०१९ मध्ये तो उचलून १२ फूट ४ इंच केला, तरीही गाड्या त्यावर आदळायच्या थांबल्या नाहीत. न्यूयॉर्क आणि कनेटिकटमधील पार्कवे तर कारसाठीच आखलेले आहेत आणि तिथल्या दगडी कमानी देखण्या असल्या तरी बुटक्या आहेत.

आरव्हीच्या अ‍ॅपमध्ये सुरुवातीलाच गाडीचे प्रोफाइल भरावे लागते : उंची, रुंदी, लांबी, वजन, मागे काही ओढत आहात का, प्रोपेन आहे का. माझ्या मते या अ‍ॅपची निम्मी किंमत या एका पानात आहे, आणि ते घाईने भरणाऱ्याला बाकीच्या सोयींचा काहीही उपयोग नाही. आम्ही शिडी लावून छपरावरच्या सर्वांत उंच भागापासून, म्हणजे एसीच्या आवरणापासून, जमिनीपर्यंत टेपने मोजले. उंची ११ फूट २ इंच निघाली. अ‍ॅपमध्ये आम्ही ११ फूट ६ इंच भरले आहेत. रस्त्यावर डांबराचा नवा थर पडला की पुलाखालची जागा कमी होते, हिवाळ्यात घट्ट झालेल्या बर्फानेही होते, आणि नकाशातली नोंद त्या थराच्या आधीची असू शकते. चार इंचांची ही सूट त्यासाठी आहे.

या प्रोफाइलचा सर्वांत स्पष्ट फायदा मोंटानात दिसला. ग्लेशियर नॅशनल पार्कमधून जाणारा गोइंग-टू-द-सन रोड अ‍ॅव्हेलांच क्रीक ते रायझिंग सन या टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब किंवा आरशांसह ८ फुटांपेक्षा रुंद गाड्यांना बंद आहे. आमची भाड्याची गाडी २५ फुटांची होती. पार्कच्या पश्चिम टोकाकडून पूर्वेकडे जाण्याचा मार्ग मागताच अ‍ॅपने डोंगरातला रस्ता बाजूला ठेवून दक्षिणेकडून वळसा घालणारा, मरायस खिंडीतून जाणारा यूएस-२ हा महामार्ग दाखवला. त्याच टॅबलेटवरचे कारचे अ‍ॅप सरळ त्या डोंगरातल्या रस्त्यावरच्या लोगन पास या खिंडीवरून न्यायला तयार होते. लोगन पास बघायला आम्ही दुसऱ्या दिवशी पार्कच्या बसने गेलो, आणि त्या अरुंद वळणांवर खडकाच्या बाजूला किती थोडी जागा उरते ते पाहिल्यावर हा नियम मला अगदी रास्त वाटला. व्हर्जिनियातील शेनंडोआ नॅशनल पार्कमधल्या स्कायलाइन ड्राइव्ह या रस्त्यावरही अ‍ॅपचे उत्तर बरोबर आले. तिथल्या मेरीज रॉक बोगद्याची उंची १२ फूट ८ इंच आहे, आमची गाडी त्यात बसते, आणि अ‍ॅपने विनाकारण वळसा न देता तोच रस्ता दिला. जिथे जाता येते तिथे जाऊ देणे हेही चांगल्या अ‍ॅपचे लक्षण आहे; अतिसावध अ‍ॅप माणसाला लवकरच कंटाळा आणते आणि मग त्याच्या खऱ्या इशाऱ्यांकडेही दुर्लक्ष होऊ लागते.

प्रोपेनच्या बाबतीत मात्र माझे समाधान अपुरे आहे. न्यू जर्सीहून दक्षिणेकडे जाणाऱ्या प्रत्येकाच्या वाटेत बॉल्टिमोर येते. तिथे आय-९५ वरचा फोर्ट मॅकहेन्री बोगदा आणि आय-८९५ वरचा हार्बर बोगदा या दोन्हींत १० पौंडांपेक्षा मोठी प्रोपेनची टाकी असलेल्या वाहनांना मनाई आहे, आणि मोटरहोमच्या स्वयंपाकघराला नि हीटरला गॅस पुरवणारी टाकी याहून बरीच मोठी असते. पूर्वी अशा गाड्या आय-६९५ वरच्या फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जात. २६ मार्च २०२४ रोजी मालवाहू जहाजाची धडक बसून तो पूल कोसळला, त्यामुळे आता आय-६९५ ने शहराच्या पश्चिमेकडून मोठा वळसा घ्यावा लागतो. अ‍ॅपला हे सारे ठाऊक आहे. प्रोफाइलमध्ये प्रोपेनची खूण असेल तर ते न चुकता वळसा देते. पण एका अपडेटनंतर ती खूण आपोआप निघून गेली होती. आदल्या संध्याकाळी मार्ग तपासताना फोर्ट मॅकहेन्रीचे नाव दिसले म्हणून पत्नीच्या ते लक्षात आले, आणि आम्ही खूण पुन्हा लावून मार्ग नव्याने काढला. ज्या माहितीवर प्रवाशांची सुरक्षितता अवलंबून आहे ती अपडेटमध्ये पुसली जाऊ नये, आणि गेलीच तर पडद्यावर मोठ्या अक्षरांत सांगितले जावे, असे मी कंपनीला लिहिले आहे. या लेखातील ही माझी सर्वांत गंभीर तक्रार आहे. तेव्हापासून प्रत्येक अपडेटनंतर प्रोफाइलचे पान वरपासून खालपर्यंत वाचून काढणे हा आमच्याकडे शिरस्ता झाला आहे.

शेवटचा एखाद-दोन मैलांचा टप्पा ही दुसरी दुबळी बाजू. कॅम्पग्राउंडचा टपालाचा पत्ता आणि मोठ्या गाड्यांचे प्रवेशद्वार यांत पुष्कळदा अंतर असते, आणि अ‍ॅप इमानाने पत्त्यावर घेऊन जाते. अनेक कॅम्पग्राउंड आपल्या संकेतस्थळावर कोणत्या बाजूने यावे हे स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवतात. ते वाचून तसा मधला थांबा अ‍ॅपमध्ये टाकणे हा आम्हाला सापडलेला सर्वांत भरवशाचा उपाय आहे. गॅस स्टेशनच्या बाबतीतही असेच करावे. तिथे आत शिरून वळून बाहेर पडता येईल का, हे अ‍ॅप सांगत नाही, उपग्रहावरून घेतलेले छायाचित्र सांगते. मोटरहोममागे चारही चाके रस्त्यावर टेकवून कार ओढणाऱ्यांना तर जोडणी सोडल्याशिवाय धड रिव्हर्सही घेता येत नाही, त्यामुळे चुकीच्या फाटकातून आत शिरणे त्यांना फार महागात पडते.

वाटेत मार्ग आपोआप बदलण्याची सोय आम्ही बंद केली आहे. एक्झिट चुकला किंवा पुढे वाहतूक तुंबली की अ‍ॅप तत्परतेने नवा मार्ग काढते. तो उंचीच्या दृष्टीने योग्य असला तरी गावातल्या अरुंद गल्ल्यांमधून किंवा तीव्र चढावरून जाऊ शकतो. आता नवा मार्ग आला की शेजारी बसलेली व्यक्ती तो वाचते, मान्य असेल तरच स्वीकारते, आणि चालवणारा तोपर्यंत आहे त्या रस्त्यावर शांतपणे पुढे जात राहतो. पोहोचण्याच्या वेळेचा अंदाज सुरुवातीला फारच आशावादी येत असे. कमाल वेग ताशी ६० मैल असा भरल्यावर तो बराच खरा ठरू लागला.

टॅबलेटविषयी लिहिणे आवश्यक आहे, कारण यात लोक फसतात. केवळ वायफाय असलेल्या आयपॅडमध्ये जीपीएसचे संकेत घेणारा भाग (रिसीव्हर) नसतो. तो सेल्युलर, म्हणजे मोबाइल नेटवर्कवर चालणाऱ्या, मॉडेलमध्ये असतो, आणि महिन्याची डेटा योजना घेतलेली नसली तरी काम करतो. उपग्रहांचे संकेत मिळण्यासाठी इंटरनेट लागत नाही, नकाशा मात्र आधी उतरवून (डाउनलोड करून) ठेवलेला हवा. डोंगरात आणि नॅशनल पार्कमध्ये फोनचा सिग्नल तासन्‌तास नसतो, म्हणून निघण्यापूर्वी घरच्या वायफायवर त्या-त्या राज्यांचे नकाशे उतरवणे हे टायरमधली हवा तपासण्याइतकेच महत्त्वाचे मानावे. वाहतुकीची ताजी माहिती अर्थातच तेव्हा मिळत नाही.

उष्णतेचाही विचार करावा लागतो. आयपॅड ३५ अंश सेल्सियसपर्यंतच्या तापमानात वापरण्यासाठी बनवलेला आहे, आणि जुलैमधल्या उन्हात डॅशबोर्डवरचे तापमान याच्या सहज पुढे जाते. मग पडदा मंद होतो, चार्जिंग थांबते आणि अखेरीस उपकरण थंड होईपर्यंत बंद राहते. आम्ही टॅबलेट काचेपासून दूर, एसीच्या झोताजवळ डॅशबोर्डला घट्ट बसवलेल्या स्टँडवर लावतो. अनेक राज्यांत पुढच्या काचेवर काही चिकटवण्यावर बंधने आहेत, त्यामुळेही हीच जागा सोयीची ठरली. तोच मार्ग फोनवरही उघडून ठेवलेला असतो, पण सावलीत. साधारण आठ इंची पडदा आम्हाला पुरेसा वाटला, कारण त्यावर लेनचे बाण एका नजरेत दिसतात आणि बाहेरचा रस्ता झाकला जात नाही.

खर्चाचे म्हणाल तर वर्षाची वर्गणी साधारण कॅम्पग्राउंडच्या एका रात्रीच्या भाड्याइतकी पडते, तर आरव्हीसाठीचे स्वतंत्र जीपीएस उपकरण कित्येक शे डॉलरना मिळते. टॅबलेट घरात असेल तर अ‍ॅपच घ्यावे असे माझे मत आहे, आणि आम्ही वर्गणी पुढच्या वर्षासाठी भरलीही आहे. पुलावरची पाटी आणि अ‍ॅप यांत फरक दिसला तर पाटी खरी मानायची, हे आमच्यात ठरलेले आहे.

भाड्याने गाडी घेणाऱ्यांनी ताबा घेतानाच एसीसह उंची, आरशांसह रुंदी, मागच्या सायकल-रॅकसह लांबी आणि प्रोपेनच्या टाकीचे माप लेखी मागून घ्यावे. चालकाच्या डोक्यावरच्या सन व्हायझरजवळ उंचीचे स्टिकर बहुधा असते, तरी त्या कंपनीच्या आवारातच एकदा टेप लावून पाहावी आणि प्रोफाइल तिथेच उभ्या-उभ्या भरून मगच गाडी बाहेर काढावी.